काय म्हणतंय पार्क?

शिवाजी पार्कभोवतीच्या तीन मजली इमारतींमध्ये तळमजल्यावर एखादा तरी दवाखाना असायचाच. झुलतं अर्धं दार, बाहेर दोन बाकडी, आत कंपाउंडरची खिडकी आणि तिच्यामागे गुलाबी मिक्श्चरच्या बरण्या. बाटली आपण घरून न्यायची. ती भरून, डोसांच्या खाचा कातरलेली कागदी पट्टी वर चिकटवून कंपाउंडर परत द्यायचा. आमच्या डॉक्टरांनी ‘काय होतंय?’ अशी सुरुवात केलेली मला आठवत नाही. ‘काय म्हणतंय पार्क?’ असं ते विचारायचे आणि आम्ही मुलं बोलत सुटायचो.

1971 सालचा पावसाळा होता. अजित वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडीजला आणि मग इंग्लंडला त्यांच्याच देशात हरवलं होतं. मैदानावरचं प्रत्येक पोर तेव्हा स्वतःला वाडेकर नाहीतर गावसकर समजायचं. माझ्या धाकट्या भावाला दमा होता आणि पावसात तो हमखास उसळायचा. डॉक्टर त्याला समोर बसवून ओव्हलची कसोटी सांगायला लावायचे. चंद्रशेखरने दुसऱ्या डावात घेतलेल्या सहा विकेट भावाला तोंडपाठ होत्या. तो सांगायचा आणि डॉक्टर मान डोलावत ऐकायचे, स्टेथोस्कोप गळ्यातच. आम्हाला वाटायचं, डॉक्टरांना क्रिकेटचं वेड आहे. वेड होतंच, पण ते मोजत होते भावाचा दम. दम्याच्या रुग्णाला एका श्वासात पुरं वाक्य बोलता येतं की तीन-चार शब्दांनी थांबावं लागतं, यावरून झटका किती जोराचा आहे हे डॉक्टर आजही जोखतात.

आईचंही तसंच. तिला ते आजीच्या मोतीबिंदूबद्दल विचारायचे. आजीचं सांगता सांगता आपण रात्री किती वेळा उठतो, पहाटे झोप कशी लागत नाही, हे आई बोलून जायची. नुसतं ‘तुम्ही कशा आहात?’ विचारलं असतं, तर ‘मला काय धाड भरलीय!’ म्हणून तिने विषय संपवला असता. त्या पिढीतल्या बायका स्वतःचं दुखणं असंच दुसऱ्याच्या दुखण्याआड ठेवायच्या. डॉक्टरांना ते माहीत होतं, कारण व्हिजिटला येऊन त्यांनी आमचं स्वयंपाकघर पाहिलेलं होतं. मोठं दुखणं निघालं की परळच्या केईएमसाठी चिठ्ठी मिळायची. 1926 साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयात तेव्हाही गर्दी एवढी, की तिथे कोणाला गप्पांना फुरसत नसे. पण डॉक्टरांच्या चार ओळींच्या चिठ्ठीत त्या गप्पांचं सार उतरलेलं असायचं.

आता वेळ फोनवर घ्यावी लागते. डॉक्टरांसमोर पडद्यावर रिपोर्ट उघडलेले असतात, आणि ते असावेतच. पूर्वी जे आजार हाताबाहेर गेल्यावर कळायचे, ते आज रक्ताच्या थेंबात आधीच दिसतात. पण बोलायला अवधी फार थोडा. 1984 साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोन संशोधकांनी डॉक्टर-रुग्णांची संभाषणं तपासली, तेव्हा रुग्णाने सांगायला सुरुवात केल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच थांबवत असल्याचं आढळलं. चाळीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट आणि तीही परदेशातली, पण मला ती परकी वाटत नाही.

‘कसे आहात काका?’ हा प्रश्न आता सिस्टर विचारतात, आणि तोही नेमका दंडाला पट्टा बांधताना. मनापासून विचारतात, म्हणून आपणही उत्तर देतो. पण बीपी मोजताना बोललं तर वरचा आकडा दहा-पंधराने चढू शकतो. पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, आणि मोजून होईपर्यंत गप्प राहावं, अशी पद्धत आहे. तेव्हा हसून मान हलवावी आणि पट्टा सुटला की मग बोलावं. ‘आत्ता बोलू नका हं आजी’ म्हणणारी सिस्टर मला तुटक वाटत नाही. तिला तिचं काम येतं.

पट्टा सुटल्यावर काय बोलायचं, हे मात्र आम्ही पार्कवाले हल्ली विसरलोय. ‘फेऱ्या चालू आहेत ना?’ असं विचारलं की ‘हो, रोज!’ म्हणून मोकळे होतो. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, दवाखान्यात आपण एकटेच, त्यात कुरकुर नको, कोणाचा वेळ जायला नको. हा भिडस्तपणा मला कळतो, पण तो महागात पडतो. पार्काची एक फेरी जवळजवळ 1.2 किलोमीटरची. ती एका दमात होते की मध्ये कट्ट्यावर टेकावं लागतं, हे हृदयाबद्दल आणि फुप्फुसांबद्दल बरंच काही सांगून जातं. आधीच्या डॉक्टरांना ते खिडकीतून दिसायचं. आताच्या सिस्टरला आपणच सांगायला हवं, कारण दर वेळी समोर नवी मुलगी असते.

माझ्या मावशीला हे न सांगता जमतं. पंच्याऐंशीच्या घरात आहे ती. तपासणीला गेली की आधी तीच विचारते, ‘गाव कुठलं गं तुझं?’ मागच्या खेपेला मुलगी कुडाळची निघाली. तिथल्या पावसाचं बोलणं झालं, काजूचं झालं. मग मुलीने विचारलं, ‘आणि तुमचं फिरणं, आजी?’ मावशी म्हणाली, ‘दिवाळीपर्यंत अख्खी फेरी व्हायची बघ. आता उद्यान गणेशापाशी बसावंच लागतं. देव भेटतो म्हणून बरं, पण बसते ती धाप लागते म्हणून.’

सिस्टरने ते पेपरवर तसंच लिहून घेतलं. आत गेल्यावर डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून पहिलं हेच विचारलं: रात्री झोपताना किती उशा घेता, आणि पावलं सुजतात का?