गेतारियाचा शिंपी

सान सेबास्तियानहून निघालेली बस सराउत्स मागे टाकते आणि समुद्राच्या अगदी कडेने धावू लागते. गेतारिया हे बास्क मुलुखातलं मच्छीमारांचं गाव. गल्ल्यांतून निखाऱ्यावर भाजलेल्या माशांचा वास येतो, वर उतारावर द्राक्षमळे. १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतलेला एल्कानो इथलाच. मी मात्र आले होते फॅशन डिझायनर क्रिस्तोबाल बालेन्सियागासाठी.

१८९५ साली तो इथे जन्मला. वडील समुद्रावर जाणारे. त्यांच्या मागे आईने, मार्तिनाने, शिवणकामावर घर चालवलं. उन्हाळ्यात गावी येणाऱ्या कासा तोर्रेसच्या मार्किझबाईंचे कपडे ती शिवायची. त्यांच्या वाड्यातच मुलाने उंची पोशाख पहिल्यांदा जवळून पाहिले. त्या आल्दामार वाड्याला जोडूनच २०११ मध्ये त्याचं संग्रहालय उघडलं.

दालनांत उजेड मंद आहे. डोळे सरावले की शिवण दिसू लागते. एका सूटची कॉलर मानेपासून जराशी सुटून उभी आहे, बाही मनगटाच्या वरच थांबते. मान लांब दिसावी, हातातलं कडं दिसावं, एवढा विचार त्यात आहे. बाही मुंढ्यात नीट बसली नाही, तर तो ती स्वतः उसवून पुन्हा लावायचा. पॅरिसच्या नामांकित डिझायनरांत स्वतः बेतून, कापून, शिवणारे फार थोडे होते.

स्पेनच्या यादवीमुळे तो पॅरिसला गेला आणि १९३७ मध्ये तिथे त्याने आपलं फॅशन हाउस काढलं. १९४७ मध्ये डिझायनर दिओरने बाईची कंबर पुन्हा आवळली. बालेन्सियागाने मात्र १९५७ मध्ये कंबर नसलेला, पोत्यासारखा सैल पोशाख दिला. कापड आणि अंग यांच्यामध्ये हवा खेळू दिली. पुढच्याच वर्षी झुरिकच्या अब्राहम कंपनीने त्याच्यासाठी गझार विणलं. हे रेशीम इतकं करकरीत, की त्याचा घेर आधाराशिवाय फुगून राहतो. माझ्या मते त्याची खरी थोरवी इथे आहे: बाईला श्वास घेता येईल, असा डौल.

१९६० मध्ये बेल्जियमची राणी झालेल्या फाबिओलाचा लग्नाचा पोशाख त्यानेच शिवला. ती त्या मार्किझबाईंची नात.

१९६८ मध्ये त्याने हाउस बंद केलं. आज त्या नावाने बूट आणि बॅगा खपतात, पण वारसा शोधायचा तर त्याच्या हाताखाली तयार झालेल्या कुरेज आणि उंगारो यांच्या कपड्यांत शोधावा. भविष्यातले वाटणारे कुरेजचे ते आखूड, ताठ पोशाख जवळून पाहा. कापडाला उभं करण्याची ती शिस्त याच शिंप्याची.