काठी कुठे आहे?

'गॅसवर चालणारं यंत्र' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर, हो ना? माझ्या आईच्याही डोळ्यांपुढे तोच आला. २००९ सालच्या ऑक्टोबरात मी तिला सांगलीला फोन करून मोठ्या ऐटीत सांगितलं, "आई, बर्फ उडवायचं यंत्र घेतलंय. गॅसवर चालतं." ती घाबरलीच. "अरे, सिलिंडर घेऊन बर्फात कुठं फिरणार तू? आणि भडका उडाला म्हणजे?" मग मी खुलासा केला, की अमेरिकेत पेट्रोलला गॅसोलीन म्हणतात आणि त्याचंच तोकडं नाव गॅस. हे यंत्र बर्फ वितळवत नाही, तर उचलून लांब फेकतं. त्यावर आई म्हणाली, "फेकायला फावडं नाही का मिळत तिकडे?"

मिळतं की! आधीच्या हिवाळ्यात मी फावड्यानेच बर्फ काढला होता आणि पाठ धरून बसलो होतो.

आम्ही राहायचो रोचेस्टर गावात. न्यूयॉर्क राज्यातलं, कोडॅक कंपनीचं गाव. उत्तरेला ऑन्टारिओ नावाचं प्रचंड सरोवर आहे. थंडीत कॅनडाकडून कोरडे गार वारे येतात, सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून जाताना वाफ पिऊन घेतात आणि किनाऱ्यावर आले की ती सगळी बर्फ होऊन आमच्या डोक्यावर ओततात. वर्षाकाठी साधारण १०० इंच, म्हणजे अडीच मीटर! हा बर्फ उसाच्या गुऱ्हाळावरच्या लादीसारखा नसतो बरं का. पिंजलेल्या कापसासारखा भुसभुशीत असतो. दिसायला अगदी हलका.

पण हलका म्हणजे किती हलका? आता तुम्हीच गणित करा. रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची आमची वाट १५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद. रात्रीत ३० सेंटिमीटर बर्फ पडला तर झाला १८ घनमीटर. ताज्या बर्फाचं वजन घनमीटरला सुमारे १०० किलो धरा. उत्तर आलं? अठराशे किलो! आणि हे सगळं ऑफिसला जायच्या आधी, अंधारात उपसायचं. बर्फ ओला असेल तर वजन याच्या दुप्पट-तिप्पट. भरीला, गावाची नांगरगाडी रस्ता साफ करत जाते ती जाता जाता तुमच्या वाटेच्या तोंडाशी गोठलेल्या ढेकळांचा बांध घालून जाते. तिचा मला फार राग यायचा. पण करता काय, रस्ता तर साफ व्हायलाच हवा.

तर यंत्र आलं. भल्यामोठ्या खोक्यातून, सुटं. मी पाने-पक्कड काढले. आमच्या बाईसाहेब, म्हणजे माझी लेक, तेव्हा बारा वर्षांची होती. तिने माहितीपुस्तक ताब्यात घेतलं आणि उलट्या बादलीवर बसून ती मोठ्याने वाचू लागली. मला पुस्तक वाचून काम करायची सवय नाही. आमच्या लहानपणी स्कूटर सुरू झाली नाही तर ती एका अंगावर कलती करायची आणि किक मारायची, संपलं! हे मी तिला सांगितलं. तिने फक्त मान वर करून पाहिलं आणि पुढे वाचायला लागली.

नशीब, ती वाचत होती! तिने वाचलं, "इंजिनात तेल भरलेलं नाही." मी टोपण उघडून पाहिलं तर खरंच तेलकांडी कोरडी ठणठणीत. तशीच दोरी ओढून यंत्र सुरू केलं असतं तर आतला दट्ट्या नळकांड्यात घासून नवं कोरं इंजिन काही मिनिटांत कामातून गेलं असतं. मग वाचलं, "वाहतुकीसाठी चाकांत जास्त हवा भरलेली असते, ती कमी करा." तेही मी केलं नव्हतं. खालच्या दोन सरकपट्ट्या किती उंचीवर बसवायच्या तेही तिनेच सांगितलं. सिमेंटची वाट असेल तर जमिनीलगत. खडीची असेल तर चांगल्या उंच. नाहीतर बर्फाबरोबर खडीही उडते, आणि ती काय करील याचा विचारच नको.

आता आत काय असतं ते सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे. पुढच्या उघड्या तोंडात आडवं, स्प्रिंगसारखे वळसे घेतलेलं पोलादी पातं असतं. त्याला म्हणतात ऑगर. ते सावकाश, मिनिटाला शंभरएक फेरे घेत बर्फ फोडतं आणि मधोमध ओढतं. त्याच्या मागे असतो पंखा. तो त्याच्या दहापट वेगाने फिरतो आणि आलेला बर्फ वरच्या उभ्या नळीतून दहा मीटरच्याही पलीकडे भिरकावतो. हे सगळं फिरवणारं इंजिन दोनशे सी.सी.च्या पुढचं. आपल्या जुन्या स्कूटरचं दीडशेच्या आसपास असायचं.

गंमत म्हणजे ही कल्पना शेतातून आली. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या आर्थर सिकार्ड या शेतकऱ्याच्या मुलाने मळणीयंत्र पाहिलं होतं. दाणे आणि भुसा वेगळा करून फेकता येतो, तर बर्फ का नाही? १९२५ मध्ये त्याने ट्रकवर बसवलेलं यंत्र तयार केलं आणि १९२७ मध्ये मॉन्ट्रिअलजवळच्या उट्रमाँ गावाने ते विकत घेतलं. आमचं यंत्र त्याचंच चालतं-फिरतं नातवंड म्हणायचं.

ऑगरमध्ये एक नाजूक खिळाही असतो. 'शिअर पिन' म्हणतात त्याला. पात्यात दगड अडकला की हा खिळा आधी तुटतो, म्हणजे आतले महागाचे दातेरी चक्र वाचतात. घरातला फ्यूज उडतो ना, अगदी तसंच. खोक्यात असे चार जादा खिळे होते. मी ते "उरलेले स्क्रू" म्हणून फेकायच्या बेतात होतो. असो!

नळीची तार कुठे अडकवायची ते मात्र आम्हां दोघांनाही कळेना. तेवढ्यात शेजारचे आजोबा आले. सत्तरीचे, उंचेपुरे, कमी बोलणारे. त्यांनी उजव्या हाताने तार धरली, डावा पुढे केला आणि आम्ही दोघं गप्प झालो. त्या हाताची मधली दोन बोटं अर्ध्यावर संपत होती. मी नजर वळवली. मोठी माणसं तेच करतात. लेकीने मात्र सरळ विचारलं, "तुमच्या बोटांना काय झालं?"

"हेच," आजोबा यंत्राकडे बघून म्हणाले. "नळीत बर्फ अडकला होता. तो हाताने काढायला गेलो."

"पण इंजिन बंद करायचं ना आधी!" ती म्हणाली.

"बंद केलं होतं," आजोबा म्हणाले आणि त्यांनी तार जागेवर अडकवली.

आम्हांला काही कळलं नाही. बंद यंत्र बोटं कशी कापील? लेकीने पुस्तकाची पानं भराभर उलटली आणि तिला ते सापडलं. नळी तुंबली की दोन्ही दांड्या सोडायच्या, इंजिन बंद करायचं, किल्ली काढायची, सगळं पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मगही हात घालायचा नाही. यंत्राच्या पाठीवर खोचलेली प्लॅस्टिकची काठी घ्यायची आणि तिने बर्फ ढोसायचा. मी ती केशरी काठी पाहिली होती. खेळण्यासारखी वाटली होती मला.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. पुस्तकाप्रमाणे मी यंत्र ढकलत गॅरेजच्या बाहेर आणलं आणि मगच सुरू केलं. गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत इंजिन चालवायचं नसतं. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास, ना रंग. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो उठतच नाही. पेट्रोलही इंजिन गार असतानाच भरायचं, तेही बाहेर. चोक ओढला, दोरीला दोन हिसके दिले आणि घर्रर्र! दोन दांड्या दाबून धरल्या की एकीने चाकं चालतात आणि दुसरीने पाती. सोडल्या की थांबतात. घसरून पडलात तर हात सुटणारच, म्हणजे यंत्र आपोआप थांबणार. कुणी तरी डोकं लावलंय, हे मला मनापासून पटलं. काही लोक त्या दांड्या दोरीने बांधून ठेवतात म्हणे. त्यांना काय म्हणावं!

गळ्यातला मफलर आईने विणलेला होता, पण त्याची लोंबती टोकं पात्यात जायला नकोत म्हणून तो घरातच ठेवला. लेकीला बाहेर यायची बंदी. ती दिवाणखान्याच्या खिडकीतून पाहायची. तिचं काम आदल्या संध्याकाळचं. बर्फ पडायच्या आधी वाटेवरची पायपुसणी, दगड, कुणाचा चेंडू उचलून ठेवायचा. सकाळी वाटेवर फेकलं जाणारं वर्तमानपत्र मात्र राहायचंच, आणि बर्फाखाली गुडुप झालेलं ते पुडकं पात्यात जाऊन माझे दोन खिळे तोडून गेलं. जादा खिळे फेकले नव्हते ते बरं!

मग फेब्रुवारी आला. तापमान शून्याच्या आसपास, बर्फ ओला, भिजवलेल्या कणकेसारखा. मला आठ वाजता बैठकीला पोचायचं होतं आणि घड्याळात साडेसात झाले होते. नांगरगाडीच्या बांधाशी आलो तसा यंत्राचा आवाज जड झाला. नळीतून बर्फाऐवजी नुसती लाळ गळू लागली. तुंबली! मी दांड्या सोडल्या. इंजिन बंद केलं. किल्ली काढून खिशात टाकली. सगळं बरोबर केलं. आणि वाकून उजवा हात नळीत घातला.

खरं सांगतो, त्या क्षणी मला आजोबांची बोटं आठवली नाहीत. पुस्तक आठवलं नाही. समोर अडकलेला गोळा दिसत होता, हात जवळ होता आणि काठी यंत्राच्या पलीकडच्या अंगाला होती. एवढंच.

धाड धाड धाड! इंजिन बंद होतं म्हणून तो आवाज मला ऐकू आला. वर पाहिलं तर लेक दोन्ही मुठींनी खिडकीची काच बडवत होती. तोंडाने काहीतरी ओरडत होती. शब्द कळत नव्हते, पण कुठला शब्द असणार ते कळलं. मी हात बाहेर काढला. हातमोजा भिजला होता, बाकी सगळं जागेवर होतं.

पलीकडे जाऊन काठी घेतली. दोन-तीनदा ढोसल्यावर गोळा फुटला आणि आतला पंखा टक् करून वीतभर फिरला. काठी हातातून निसटली. इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात, आणि पंखा फिरला!

हे कसं होतं? रबरबँडला पीळ देऊन उडवायचं खेळण्यातलं विमान आठवा. पीळ दिला आणि पंखा बोटाने धरून ठेवला, तर विमान गप्प असतं. पण पीळ आत असतोच. बोट काढलं की भर्रकन सुटतो. इथे इंजिन पंखा फिरवायला जोर लावत होतं आणि बर्फाने पंखा धरून ठेवला होता. इंजिन बंद झालं तरी पट्ट्यात आणि दांड्यांत तो ताण अडकून राहू शकतो. मी बर्फ काढला, म्हणजे बोट काढलं. माझा हात तिथे असता तर तो वीतभर फेरा त्यातूनच गेला असता.

बैठकीला मी उशिरा पोचलो. कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी लेक माझ्याशी अबोला धरून होती. जेवताना म्हणाली, "बाबा, तुम्हांला माहीत होतं ना?" मी म्हटलं, "होतं." "मग?" यावर मला काही उत्तर सुचलं नाही. जेवण झाल्यावर आम्ही दोघं गॅरेजमध्ये गेलो. काठीची खोबण यंत्राच्या पलीकडे होती, ती तशीच ठेवली. पण आमची काठी सुतळीने दोन दांड्यांच्या मधोमध टांगली, उजव्या हाताशी. नळीकडे हात जायच्या आधी काठीलाच लागावा अशी. सुतळीची लांबी लेकीने दोनदा मोजली. लोंबून पात्यात जायला नको ना!

ते यंत्र आम्ही तेरा हिवाळे वापरलं. दर एप्रिलमध्ये टाकीतलं पेट्रोल संपवून ठेवायचो, नाहीतर उन्हाळाभर ते नासून नळ्यांत चिकट थर धरतं. आणि बहुतेक वर्षी टाकी रिकामी केल्यावर आठवड्याभरात पुन्हा बर्फ पडायचा! मग मी आपला फावडं घेऊन बाहेर.

लेक आता मिनेसोटात नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात तिने स्वतःचं यंत्र घेतलं, बॅटरीवर चालणारं. तेल नाही, पेट्रोलचा वास नाही, दोरी ओढणं नाही. आईला मी हे फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं झालं बाई, तो गॅस एकदाचा गेला." मी मात्र लेकीला विचारलं, "पाती तशीच आहेत का गं?"

"तशीच आहेत, बाबा. आणि काठी कुठे बांधलीय ते बघा," असं म्हणून तिने फोटो पाठवला. सुतळी मला थोडी लांब वाटली. तसं कळवलंय तिला.