विहिरीची खतावणी

१९३६ साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन ज्या फैजपुरात भरले, त्याच्या शिवारात आज केळीबागांभोवती शेवरीचे दाट कुंपण दिसते. वैशाखातील तप्त वारे अडावेत म्हणून शेतकऱ्याने ते राखले. पाटपाणी सोडून त्याने ठिबकही स्वीकारले. तरीही विंधनविहिरी खोल जातच राहिल्या.

सातपुड्याच्या पायथ्याची गोटे-वाळूची जमीन पावसाचे पाणी सहज पोटात घेते. मात्र नाल्यात ते क्षणभर थोपवावे लागते. केळीचा व्यापार करणाऱ्या घराण्यांचे हिशेबही याच पाण्यावर चालतात. मुद्दल खाणारी पेढी टिकत नाही, हे त्यांना शिकवावे लागत नाही. बंधाऱ्यासाठी दिलेली रक्कम त्यांनी दानाच्या खात्यात न लिहिता परतफेडीच्या खात्यात लिहावी.