मोटारीचा मोह

मनुष्याच्या काही इच्छा त्याच्याबरोबर म्हाताऱ्या होत नाहीत. उघड्या टपाची, दोघांपुरतीच अशी एक मोटार आपल्याजवळ असावी, ही आमची शाळकरी वयातील इच्छा केस पांढरे झाले तरी कोवळीच राहिली होती. गोव्यात तशी एक गाडी विक्रीस आहे असे कळताच, आम्ही बेळगावाहून चोर्ला घाट उतरून म्हापशास गेलो.

गाडी 'सान स्टॉर्म' ह्या जातीची. १९९८ साली आपल्याच देशात निघालेली ही चिमुकली मोटार; अंग फायबरग्लासचे, इंजिन रेनॉचे, ११४९ घनसेंटिमीटरचे. ही गाडी १,६०,००० किलोमीटर धावलेली होती. आकडा ऐकून आम्ही दचकलो, परंतु सोबतचे मेकॅनिक म्हणाले, "सर, वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा चालती गाडी बरी. तेल वेळेवर बदलले आहे ना, ते पाहा."

मालकाने दुरुस्तीची सारी बिले जपून ठेवली होती. तथापि आम्ही पोहोचलो तेव्हा बॉनेट गरम होते. इंजिन गार असताना कसे सुरू होते, हे पाहिल्यावाचून गाडीची पारख होत नाही. म्हणून आम्ही तेथेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवताच मागून निळसर धूर निघाला आणि थोड्या वेळाने विरला. निळा धूर म्हणजे तेल जळत असल्याची खूण. नवल असे की, तो पाहून आम्हांस अगदी हायसे वाटले!

ह्याचे कारण निराळेच होते. आमच्या मातोश्री ८२ वर्षांच्या; गुडघे धरलेले. दर पंधरवड्यास त्यांना दवाखान्यात न्यावे लागते, आणि शेजारी कोणीतरी आधारास बसावे लागते. जमिनीलगतच्या त्या आसनावर त्यांना बसवावे कसे, आणि आमच्या सौभाग्यवतींनी बसावे कोठे? घरून निघतानाच हे आम्हांस ठाऊक होते. कबूल करण्याचे धैर्य मात्र नव्हते. गाडीतच खोट निघावी व आमची परस्पर सुटका व्हावी, अशी मनाची लबाडी चालली होती.

मेकॅनिकांनी ती वाटही बंद केली. चारही सिलिंडरांतील दाब मोजून ते म्हणाले, "व्हॉल्व्हची सील झिजली आहेत, इतकेच. ना-हरकत दाखला, कर्नाटकातील नोंदणी, रस्त्याचा कर ही खटपट पडेल. पण गाडी घेण्यासारखी आहे."

आता निर्णय आमचा आम्हांसच करावयाचा होता. आम्ही मालकास म्हणालो, "गाडीत काही वाईट नाही. आमच्या घरास ती पुरणार नाही, एवढेच." ते हसले व किल्ली पुढे करून म्हणाले, "मग एक फेरी तरी मारा." त्या फेरीतील वारा अजून कानांत आहे.

पुढे आम्ही उंच आसनांची एक जुनी मोटार घेतली. मातोश्री खिडकीशी बसतात आणि वाटेतील प्रत्येक झाडाची चौकशी करतात.

विद्यार्थिमित्रहो, नको असलेल्या वस्तूस नावे ठेवणे फार सोपे असते. वस्तू चांगली आहे, आपणांस हवीही आहे, आणि तरी ती आपल्यासाठी नाही, असे सरळ म्हणावयास आम्हांस मात्र म्हापशापर्यंत जावे लागले.