डबल क्लच

आमच्या वर्गात गाड्यांचा विषय निघाला, की मी गप्प बसतो. कुणी नव्या मोटारसायकलचे पिकअप सांगतो, कुणी पुण्याच्या आतेभावाच्या मित्राची स्पोर्ट्स कार किती सेकंदांत शंभरावर जाते ते सांगतो. मला चालवता येते ती मामांची जुनी प्रीमियर पद्मिनी. तिचे नाव काढले की सगळे हसतात. पण पिकअप म्हणजे काय, हे मला त्या म्हातारीनेच शिकवले, म्हणून हा लेख.

मामा एसटीत तीस वर्षे ड्रायव्हर होते. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी घरावरचे पत्रे बदलले आणि उरलेल्यातून ही गाडी घेतली. मामी अजूनही त्या 'उरलेल्या'चा हिशेब विचारते. गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. तो उभारणारे शेठ वालचंद हिराचंद १८८२ साली शेजारच्या सोलापुरात जन्मले, म्हणून मामा तिला 'आपल्याकडचीच' म्हणतात. तशी ती मूळची इटलीची फियाट ११००. पद्मिनी हे नाव तिला १९७०च्या दशकात मिळाले. इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळीस घोड्यांच्या आसपास, म्हणजे आजच्या एखाद्या दणकट मोटारसायकलीइतकी. आणि ओढायचे वजन नऊशे किलोंच्या घरात. गिअर चार, त्यांचा दांडा स्टिअरिंगखाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३मध्ये कायमची गेली. पण एके काळी मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट गाड्या शर्यतीत पळत असत, हे माझ्या मित्रांना कोण सांगणार!

दोन वर्षांपूर्वी मामांचा डावा गुडघा गेला. एसटीचा क्लच दाबून दाबून गेला, असे मामा म्हणतात. डॉक्टर फक्त वय सांगतात. दर महिन्याला सोलापूरला दाखवायला जायचे होते. गाडी विकायची किंवा मला शिकवायचे, अशा दोनच वाटा होत्या. मामी पहिल्या वाटेच्या बाजूची होती.

माझ्या डोक्यात वेग होता. लायसन्स हाती आल्याबरोबर मी म्हणालो, "मामा, हिचं पिकअप वाढवायला काय करायचं?" मामा म्हणाले, "आधी हाय ते तर घे." पहिला महिनाभर त्यांनी मला नुसते पुसायला आणि तपासायला लावले. आपल्या भागातल्या धुळीने एअर फिल्टर लवकर तुंबतो, मग इंजिनाला श्वास मिळत नाही. प्लग काळे पडले, पॉइंटमधली फट चुकली, की ठिणगी कमजोर पडते. टायरात हवा कमी असेल किंवा ब्रेक चाकाला घासत असेल, तर निम्मी ताकद तिथेच खर्च होते. आणि रेस दिल्यावर गाडी नुसती ओरडते, पण पळत नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे असे समजावे. हे सगळे नीट केले आणि एक पैशाचा नवा भाग न घालता गाडी हलकी वाटू लागली.

मग गिअर. माझी खोड अशी, की गाडी हलली न हलली तोच दुसरा, लगेच तिसरा. मामा म्हणायचे, "इंजिन कण्हतंय, ऐकू येईना का?" कमी फेऱ्यांवर वरचा गिअर टाकला, की इंजिनाला ओढ राहत नाही, ते थरथरते आणि आपण वेड्यासारखे अॅक्सिलेटर दाबत राहतो. दुसऱ्यात त्याचा आवाज मोकळा होईपर्यंत थांबायचे, मग तिसरा. दांडा ओढायचा नाही, न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबवून पुढे सरकवायचा. मीटरकडे न बघता कानाने गाडी चालवायची.

या गाडीचा पहिला गिअर मात्र वेगळा. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्याला वेग जुळवून देणारी सिंक्रोमेशची सोय आहे, पहिल्याला नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा, तर डबल क्लच मारावा लागतो. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून पहिला. मधल्या रेसने आतले चक्र वेग घेते आणि दात दातांत अलगद बसतात. शर्यतीतले ड्रायव्हर वळणाआधी खालचा गिअर टाकताना ब्रेक दाबलेल्या पायाच्याच कडेने रेस देतात, तेही याचसाठी. मला वाटले, एवढे कधी लागणार?

ते नोव्हेंबरात लागले. सोलापूरहून परतताना तुळजापूरच्या घाटात पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. दुसऱ्यात गाडी धापा टाकू लागली. मी घाईने पहिला टाकायला गेलो, तर कर्रर्र असा आवाज! दात बसेनात, इंजिन बंद पडले आणि गाडी मागे घसरू लागली. मामांनी हँडब्रेक ओढला. मागे एसटी उभी होती. तिचा ड्रायव्हर तावातावाने खाली उतरला, खिडकीशी आला आणि एकदम वरमला. "अण्णा, तुमी?" मामांनी मान खाली घातली. तीस वर्षे याच घाटाने गाडी नेलेल्या माणसाला माझ्यामुळे खाली बघावे लागले. घरापर्यंत ते काही बोलले नाहीत. रात्री मामी म्हणाली, "इकून टाका." त्यावरही ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी किल्ली मागितली. पुढचे तीन आठवडे गावाबाहेरच्या चढावर रोज अर्धा तास एकच काम : दुसऱ्यातून पहिला. सुरुवातीला दहांतले आठ वेळा कर्रर्र. घाई केली की दात वाजत. न्यूट्रलमध्ये थांबून रेस दिली की बसत. त्या चढावर मला एक गोष्ट उमगली. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. वर्गातल्या काहींच्या घरी वेग जुळवून देणारी माणसे आहेत. माझा पहिला गिअर बिनसिंक्रोमेशचा. पहिल्या वर्षी मी इतरांच्या वेगाने पळायला गेलो आणि सारखा कर्रर्र आवाज काढत राहिलो. क्षणभर थांबणे म्हणजे मागे पडणे नव्हे, हे कुणी सांगितले असते तर!

डिसेंबरात पुन्हा सोलापूर, पुन्हा तोच घाट. उसाच्या ट्रॉल्याही पुन्हा होत्याच. मी आधीच अंतर ठेवले. आवाज जड होऊ लागताच क्लच, न्यूट्रल, रेस, क्लच, पहिला. काहीच वाजले नाही. गाडी संथपणे चढत राहिली.

शाबासकीच्या आशेने मी हळूच शेजारी पाहिले. मामांनी डोळे मिटून घेतले होते. भर घाटात, दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग असताना, त्यांना झोप लागली होती.