आणखी दहा यार्ड

आपल्या हातून सुटलेली वस्तु किती दूर गेली, हें पाहण्याचें कौतुक मनुष्याला लहानपणापासून असतें. नदीच्या कांठीं उभा राहिलेला मुलगा पाण्यावर खडा मारतो, तो खडा बुडावा म्हणून नव्हे, तर पलीकडे पोंचावा म्हणून. आणि विटीदांडूंत विटी झेलली गेली तरी ती किती लांब झेलली गेली याचा अभिमान मारणारास वाटतच असतो. तेव्हां गॉल्फसारख्या खेळांत, जेथें चेंडू निपचीत पडलेला असतो, तो अंगावर टाकणारा कोणी गोलंदाज नसतो, आणि समोर तीनचारशें यार्ड हिरवें मैदान पसरलेलें असतें, तेथें अंतराची ही हांव पराकोटीस जावी यांत नवल नाहीं. नवल वाटतें तें हें कीं, जीं आयर्न्स मुळीं नेमक्या जागीं चेंडू टाकण्यासाठीं घडविलेलीं, त्यांच्यापाशींही तरुण खेळाडू अंतरच मागतो.

आमचा भाचा सोळा वर्षांचा आहे. येरवड्याच्या मैदानावर आम्ही रविवारीं सकाळीं जातों, तेव्हां दोन वर्षांपासून तोही बरोबर असतो. गेल्या उन्हाळ्यांत त्यानें आमच्यापुढें आपली तक्रार मांडली. “मामा, माझं सात नंबर एकशेवीस यार्ड जातं. बरोबरच्या मुलांचं एकशेचाळीस. दहा तरी वाढायलाच हवेत, नाहींतर स्पर्धेला जाण्यांत अर्थ नाहीं.” शेवटचें वाक्य त्यानें हंसत म्हटलें, पण हंसणारानें डोळे दुसरीकडे वळविले म्हणजे काय समजावयाचें, तें सोळा वर्षांच्या मुलांचा सहवास असणारांस सांगावयास नको. त्यानें स्वतःपुरते तीन उपाय योजून ठेवले होते: नवा संच घेणें, दंड कमावणें, आणि आहे त्याहून जोरानें मारणें.

नव्या संचाचें प्रकरण मोठें मौजेचें आहे. पूर्वीं या काठ्यांना मॅशी, निब्लिक अशीं नांवें असत. पोलादी शाफ्टला सेंट अँड्र्यूजच्या संस्थेनें १९२९ सालीं मान्यता दिली, एकसारखे संच निघूं लागले, आणि नांवांच्या जागीं आंकडे आले. आंकडा आला कीं मनुष्यास वाटतें, आतां सर्व निश्चित झालें. परंतु पन्नास वर्षांपूर्वींच्या सात नंबरच्या पात्याचा मागें झुकलेला कल, ज्यास खेळाडू लॉफ्ट म्हणतात, तो ३६ अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिकच असे, आणि आज नवशिक्यांना विकल्या जाणाऱ्या कित्येक संचांत तोच ३० अंश किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे पूर्वींच्या पांच नंबराच्या तळाशीं सात हा आंकडा कोरला जातो, आणि गिऱ्हाईक घरीं जाऊन सांगतें कीं आपले वीस यार्ड वाढले! कारकुनाची पाटी बदलून त्यास अधिकारी म्हणावें आणि पगार होता तोच ठेवावा, त्यांतलाच हा प्रकार. अर्थात् कारागिरांस सर्वस्वी दोष देणेंही अन्यायाचें होईल. पात्याच्या डोक्याचें वजन खालीं व कडांकडे नेल्यामुळें कल कमी असूनही चेंडू उंच उडतो, आणि हें कसब खरें आहे. पण त्यांत मुलाचा पराक्रम कांहीं नाहीं.

जोराचा प्रश्न यंत्रानें सोडविला. काठीचा व चेंडूचा वेग मोजणारीं यंत्रें हल्लीं सरावाच्या मैदानांवर मिळतात. त्यापुढें भाच्यास उभें केलें, तों काठीच्या डोक्याचा वेग निघाला ताशीं ७६ मैल, आणि चेंडूचा अवघा ९१. आतां अमेरिकेंतील व्यावसायिक खेळाडूंच्या, अशाच यंत्रांनीं टिपलेल्या आणि कांहीं वर्षांपूर्वीं प्रसिद्ध झालेल्या सरासऱ्या पाहाव्या. सात नंबरनें पुरुषांच्या काठीचा वेग ९०, चेंडूचा १२०, आणि हवेंतील अंतर १७२ यार्ड. स्त्रियांचा काठीचा वेग ७६, चेंडूचा १०४, अंतर १४१ यार्ड. हे आंकडे वाचून भाचा बराच वेळ गप्प बसला. जगांतील उत्तमोत्तम स्त्रिया फिरवितात तितक्याच वेगानें तो काठी फिरवीत होता, आणि वीस यार्ड वाटेंत सांडीत होता.

ते कोठें सांडत होते, हें समजण्यासाठीं या खेळांतील एक उफराटी गोष्ट ध्यानांत घ्यावी लागते. आयर्नचें पातें आधींच तिरपें असतें. चेंडू वर उचलण्याचें काम त्या तिरपेपणाचें आहे. परंतु मुलाचा त्यावर विश्वास बसत नाहीं. चेंडू जमिनीवर आहे, तो आकाशांत जावयाचा आहे, तेव्हां त्याच्या खालून काठी घालून उचलला पाहिजे, असें त्याचें मन त्यास सांगतें. आणि आमच्याकडील मुलांना तर क्रिकेटांत उंच टोला मारतांना चेंडूच्या खालीं जाण्याची संवय असतेच. मग तो अंगाचा भार उजव्या पायावर मागें ठेवतो, मनगटें पुढें झटकतो, आणि काठीच्या फेऱ्याचें सर्वांत खालचें टोंक चेंडूच्या मागें पडतें. कधीं आधीं माती लागते आणि अर्धा वेग तीच गिळते. कधीं पात्याची नुसती धार चेंडूस लागते. आणि क्वचित् चेंडू नीट सांपडला तरी झटकलेल्या मनगटांमुळें ३० अंशांचे ३५ होतात, चेंडू पतंगासारखा वर चढतो आणि तेथूनच खालीं येतो. उत्तम खेळाडूचें याच्या उलट. त्याचा भार घाव बसण्यापूर्वींच डाव्या पायावर आलेला असतो, हात चेंडूच्या पुढें असतात, पातें उतरत असतांनाच चेंडूस भेटतें, आणि फेऱ्याचा तळ चेंडूच्या पुढें कांहीं इंच राहतो. गवताची जी चकती उडते, जीस डिव्हट म्हणतात, ती चेंडू होता त्या जागेच्या पुढची असते.

ही मीमांसा आम्हीं भाच्यास ऐकविली. त्यानें मान डोलावली आणि पुढचा चेंडू पूर्वींसारखाच मारला. मीमांसेनें काठी वळत असती तर आमचा स्वतःचा खेळ फारच निराळा दिसला असता.

गुण आला तो एका वृद्ध कॅडीच्या उपायानें. या गृहस्थाचें सारें आयुष्य मैदानावर गेलें आहे. लहानपणीं दुसऱ्यांच्या पिशव्या वाहून, मैदान बंद असे त्या सोमवारीं, कोणी टाकून दिलेलें एक पांच नंबरचें आयर्न घेऊन तो खेळावयास शिकला. दुसरी काठी नव्हतीच. तेव्हां त्याच एका काठीनें ऐंशीं यार्ड आणि एकशेंसाठ यार्ड, दोन्ही खेळावे लागत. आम्हीं एकदां त्यास विचारलें कीं, तुमचें पांच नंबर किती जातें? तो म्हणाला, “कुठल्या ग्रीनवर, साहेब?”

भाच्याचे चार फटके पाहून तो म्हणाला, “दादांना आठ दिवस चेंडू देऊ नका.” मग त्यानें गवतावर चुन्याची एक लांब रेघ मारली. मुलानें ती दोन पायांच्या मधोमध घेऊन नुसती काठी फिरवावयाची, एक पाऊल सरकावयाचें, पुन्हां फिरवावयाची. गवत रेघेवर किंवा रेघेच्या पुढें कापलें गेलें पाहिजे. पहिल्या दिवशीं वीस घावांतले सतरा रेघेच्या मागें होते. मुलगा खजील झाला. कॅडी झाला नाहीं. “माती पुढं निघू द्या दादा, चेंडू कुठं जातोय!” एवढेंच तो म्हणे. दुसरी युक्ति याहूनही साधी: पात्यावर अंगाला लावावयाची पावडर फासावयाची आणि चेंडूचा ठसा कोठें उमटतो तें पाहावयाचें. भाच्याचे ठसे टोंकाकडे विखुरलेले होते. पात्याच्या मध्यापासून ठसा बोटभर सरकला कीं अंतर किती घटतें, हें यंत्रानेंही तेव्हांच दाखविलें.

येथें ऋतूविषयीं दोन शब्द लिहिणें जरूर आहे, कारण पुस्तकांतून ते आढळत नाहींत. पुण्यास वैशाखांत भुई दगडासारखी होते. चेंडूच्या मागें पडलेली काठी तिच्यावरून उसळते आणि चेंडूस जाऊन लागते, आणि मुलाची समजूत होते कीं फटका साधला. आषाढांत तोच घाव चिखलांत रुततो, चेंडू पन्नास यार्ड जाऊन बसतो, आणि तोंडावर चार शिंतोडे उडतात. शिकणारानें आयर्नचा अभ्यास पावसाळ्यांतच करावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. उन्हाळा फार भिडस्त असतो.

तिसरा उपाय, म्हणजे जोर. यांत मात्र एक गंभीर गोष्ट होती. आमच्या भगिनीनें आम्हांस एकांतांत सांगितलें कीं, मुलगा रोज दोनदोनशें चेंडू मारून येतो आणि रात्रीं कंबर धरून बसतो. वाढत्या वयांत पाठीच्या खालच्या मणक्यांचीं हाडें पुरतीं पक्व झालेलीं नसतात. वारंवार वांकून पिळवटल्यानें त्यांत बारीक चीर पडूं शकते, आणि तरुण जलद गोलंदाजांत हा विकार डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मुलास डॉक्टरांकडे नेलें. चीर नव्हती, पण तीन आठवडे पूर्ण विश्रांति मिळाली. त्या तीन आठवड्यांत आम्हीं त्याच्या काठ्या पाहिल्या. वडिलांचा जुना संच करवतीनें आंखूड केलेला! शाफ्ट कापला कीं तो अधिक ताठ होतो, डोक्याचें वजन मात्र मोठ्या माणसाचेंच राहतें. अशी काठी मुलगा फिरवीत नाहीं, ओढतो. उंचीस बेताचा, हलक्या शाफ्टचा एक वापरलेला संच त्यास मिळवून दिला. कलाच्या अंशांची हातचलाखी नको, पण बेताची काठी हवी, एवढा फरक येथें केला पाहिजे.

यावरून आम्ही अंतराचे वैरी आहों असें कोणी समजूं नये. आंखूड मारणाऱ्या मंडळींनीं आपसांत एकमेकांचें जें सांत्वन चालविलेलें असतें, त्यांत तथ्य थोडें आहे. सर्व सारखें असतां लांब मारणारा पुढें जातो, हें आजच्या व्यावसायिक खेळाचे आंकडे स्वच्छ सांगतात. शिवाय वेग अंगीं बाणवावयाचा तर तो तरुणपणींच. म्हणून कंबर बरी झाल्यावर आठवड्यांतून दोन दिवस, मोजके चेंडू, मोकळेपणानें वेगानें मारण्यास आम्हींच त्यास सांगितलें. आमची तक्रार क्रमाविषयीं आहे. गळक्या घागरींत पाणी वाढवून काय होणार?

आणि आंखूड मारणारास दारें बंद आहेत, हेंही खरें नव्हे. २०२१ च्या ऑगस्टमध्यें टोकियो ऑलिंपिकच्या स्पर्धेंत बंगळूरची अदिती अशोक तेवीस वर्षांची होती. कोरोनाच्या आजारानें तिची शक्ति घटली होती. पहिल्या टोल्यांत ती त्या मेळाव्यांतील सर्वांत आंखूड मारणारांपैकीं होती. जेथें इतर खेळाडू लहान आयर्न काढीत तेथें तिला लांब काठ्या घ्याव्या लागत. आई तिची कॅडी होती. एका फटक्यानें तिचें पदक हुकलें व ती चौथी आली. परंतु चार दिवस जगांतील अव्वल खेळाडू तिच्या मागेंपुढें होत्या. कलकत्त्याच्या जुन्या क्लबांतील माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया यानेंही लांब फटक्याची कीर्ति नसतांना २०१६ व २०१७ अशीं लागोपाठ दोन वर्षें इंडियन ओपन जिंकली. या दोघांनाही आपल्या प्रत्येक काठीचें अंतर ठाऊक होतें.

आमच्या भाच्याला तें ठाऊक नव्हतें; त्यास फक्त आपला सर्वांत लांब गेलेला फटका ठाऊक होता. तरुणांचें असेंच असतें. एकशेवीस म्हणे तेंही त्याचें भाग्याचें अंतर. पावडरीच्या ठशांसह वीस चेंडू मोजले तेव्हां निम्मे एकशेंदहाच्या अलीकडे होते. त्यांत पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें १,८०० फूट उंच. येथील विरळ हवेंत चेंडू शेंकडा दोनएक टक्के पुढें जातो, तो चेंबूरच्या मैदानावर जाणार नाहीं. तेव्हां एक वही केली, आणि प्रत्येक काठीपुढें वीस चेंडूंतला मधला आंकडा लिहिला. सात नंबरपुढें ज्येष्ठांत १११ आहे, आश्विनांत १३३. काठीचा वेग या अवधींत ७६ चा ७८ झाला, एवढेंच.

स्पर्धेला तो गेला. पहिल्या दहांत आला नाहीं. पुढल्या वर्षींचा अर्ज मात्र त्यानें आम्हांस न विचारतां भरला आहे. मध्यंतरीं त्याची उंची दोन इंचांनीं वाढली आणि नवा मिळविलेला संचही आंखूड होऊं लागला. करवतीनें कापलेल्या जुन्या काठ्या कॅडीच्या नातवास द्याव्या असें आम्हांस वाटलें होतें. त्यानें त्यांतली एक उचलून हातांत तोलली आणि म्हटलें, “पोरगं अकराचं हाय साहेब, ह्या जड पडतील. माळ्यावर ठेवा.”