थांबते कंबर, सुटते बॅट

सॉफ्टबॉलच्या मैदानावर बॅटरला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारी सूचना म्हणजे ‘जोरात फिरव!’ सांगणाऱ्याच्या मनात हात असतात आणि ऐकणारी मुलगीही हातच फिरवते. खेळाडूंच्या हालचाली आणि दुखापती तपासणं हे माझं काम. त्या कामात बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या स्विंगइतकी गैरसमजांनी वेढलेली दुसरी हालचाल मला भेटलेली नाही. स्विंगचा जोर जमिनीतून येतो. पायातून कमरेत, कमरेतून खांद्यांत, तिथून हातांत आणि शेवटी बॅटच्या जाड टोकात. आणि तो पुढे सरकतो, कारण प्रत्येक टप्प्यावर मागचा भाग वेळेवर थांबतो. हे थांबणं आपल्याकडे कुणी शिकवतच नाही.

आधी वेळेचा हिशेब. बेसबॉलमध्ये पिचर होम प्लेटपासून 18.44 मीटरवर उभा असतो. ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू हातातून सुटला की साधारण 0.4 सेकंदात पोचतो. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये वेग कमी, पण अंतरही 13.11 मीटरच, त्यामुळे चांगल्या पिचरसमोर वेळ जवळपास तेवढाच. त्यातले 0.15 सेकंद खुद्द स्विंगला लागतात. म्हणजे चेंडू अजून वाटेत असतानाच निर्णय झालेला असावा लागतो. 2004 मध्ये जेनी फिंच या सॉफ्टबॉल पिचरने अल्बर्ट पुहोल्ससारख्या बेसबॉलमधल्या अव्वल बॅटरला स्ट्राइकआउट केलं. पुहोल्सची ताकद त्या दिवशी घटली नव्हती. कमरेखालून सुटणारा चेंडू वाचायची त्याच्या डोळ्यांना सवय नव्हती.

मोबाइलवर सेकंदाला 240 चित्रं घेणारं स्लो मोशन असतं. त्यात अख्खा स्विंग जेमतेम 36 चित्रांत मावतो. ती एकेक करून पुढे सरकवताना मी चेंडूकडे बघतच नाही, शर्टाकडे बघते. पुढचा पाय आधी चवड्यावर पडतो, मग टाच टेकते. टाच टेकल्याबरोबर कंबर पिचरच्या दिशेने उघडू लागते, पण खांदे अजून मागेच असतात, आणि शर्टावर पोटापाशी एक तिरकी चुणी उमटते. ती दिसली की समजायचं, पोटाचे तिरके स्नायू ताणले गेले, आता ते खांद्यांना ओढून आणतील. चुणी नसेल तर कंबर आणि खांदे एकदमच फिरलेत. मग जोर आणायला हातांशिवाय काही उरत नाही.

त्याच्या पुढच्या तीन-चार चित्रांत खरी गंमत आहे. पुढचा गुडघा ताठ होत जातो, कंबर मंदावते आणि त्याच क्षणी खांदे उसळतात. धावत्या एसटीने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे फेकले जातात, तसा हा प्रकार. 1995 साली अमेरिकेत व्यावसायिक बॅटरांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या सव्वापट जोर मोजला गेला. कमरेचा फिरण्याचा वेग सेकंदाला 714 अंश भरला, खांद्यांचा 937. पाय जमिनीला भिडून रोखून धरतो, तेव्हाच वरचे आकडे वाढत जातात.

आपल्या मुली इथेच अडखळतात, आणि त्याला कारण आहे. बहुतेकींनी पहिली बॅट धरलेली असते ती गल्लीतल्या क्रिकेटची. क्रिकेटमध्ये ड्राइव्ह मारताना पुढचा गुडघा वाकवून, डोकं त्याच्यावर आणून चेंडूवर झुकायचं असतं. ‘मॅडम, बॉलवर झुकायचं नाही का?’ हा प्रश्न म्हणून रास्तच आहे. तिथे चेंडू टप्पा घेऊन येतो, इथे थेट येतो. इथे गुडघा वाकलेलाच राहिला तर अंग पुढे घसरत जातं, ब्रेक लागत नाही, आणि कमरेत जमलेला वेग तिथेच जिरतो.

‘बॅट अगदी सरळ, जमिनीला समांतर फिरवा’ हाही असाच एक जुना आग्रह. बेसबॉलपटू टेड विल्यम्सने 1941 मध्ये .406 ची सरासरी राखली, आणि निवृत्तीनंतरच्या पुस्तकात त्याने या आग्रहाला उघड विरोध केला. पिचर उंचवट्यावरून टाकतो, त्यात गुरुत्वाकर्षणाची भर, म्हणजे चेंडू उतरत येतो. बॅट किंचित चढत गेली तरच दोघांचे मार्ग जास्त काळ जुळतात. हातांआधी कंबर, हेही तो ठासून सांगत असे. सॉफ्टबॉलमध्ये उंचवटा नसतो, चेंडूचा मार्ग बराच सपाट असतो, म्हणून चढही कमी ठेवायचा. विल्यम्सचा सल्ला जसाच्या तसा उचलू नये.

बॅट आणि चेंडू एकमेकांना भेटतात ते जेमतेम एक सहस्रांश सेकंद. ॲलन नेथन या भौतिकशास्त्रज्ञाने या धडकेचा बारकाईने अभ्यास केला आहे. धडकेचा कंप मुठीपर्यंत जाऊन परत येईतो चेंडू बॅट सोडून निघून गेलेला असतो. त्यामुळे त्या क्षणी मूठ करकचून आवळली, मनगट वळवलं, तरी चेंडूला त्याचा पत्ता लागत नाही. मात्र ही आवळलेली मूठ कोपर आणि खांदा आखडवते आणि धडकेआधीच बॅट मंद करते. शिवाय बॅटची मूठ तळव्यात दाबून धरली, तर खालच्या हातातल्या करंगळीच्या बाजूच्या हॅमेट नावाच्या लहानशा हाडाचं आकड्यासारखं टोक मोडू शकतं. बॅटरच्या तळव्यात त्या जागी दुखत असेल तर लचक समजून मालिश करू नये, आधी तपासून घ्यावं.

राहता राहिली बॅट. सॉफ्टबॉलच्या नियमात लांबी 34 इंच आणि वजन 38 औंस, म्हणजे किलोच्याही वर, ही कमाल मर्यादा आहे. शाळेच्या संघात बॅटी मोजक्याच असतात, त्याही थोराड मुलींच्या मापाच्या. नववीतल्या किरकोळ अंगाच्या मुलीने जड बॅट फिरवायची तर तिला स्विंग आधी सुरू करावा लागतो, आणि मुळातच तोकडा असलेला बघण्याचा वेळ आणखी कापला जातो. क्रीडा साहित्याची यादी करताना शिक्षकांनी निदान दोन वेगवेगळ्या वजनांच्या बॅटी मागवाव्यात. तोवर आहे त्याच बॅटवर मुलींना हात दोन-तीन बोटं वर धरू द्यावेत. त्याला पैसे लागत नाहीत, आणि बॅट लगेच हलकी फिरते.